व्होल्टेज आणि करंटवरून रोध आणि शक्ती काढणारे अ‍ॅप: हिशेब चोख, पण विचारणा अपुरी

फोनवर चालणारे हे एक छोटे गणक अ‍ॅप आहे. पडद्यावर व्होल्टेज, करंट, रोध आणि शक्ती असे चार रकाने दिसतात. त्यांपैकी कोणतेही दोन भरले की उरलेले दोन आपोआप भरले जातात. त्यामागे दोनच संबंध आहेत. व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रोध आणि शक्ती म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. या दोन संबंधांची फिरवाफिरव केली की बारा सूत्रे तयार होतात आणि ती पाठ करण्यात विद्यार्थ्यांचा पुष्कळ वेळ जातो. ही बारा सूत्रे अ‍ॅपने एका पडद्यावर आणली आहेत. शेजारी एसी सर्किटसाठी आणि वायरमधील व्होल्टेज-घटीसाठी एकेक टॅब आहे. जाहिराती नाहीत आणि इंटरनेट नसतानाही अ‍ॅप चालते. दुरुस्तीच्या टेबलावर आणि शिकवताना मी ते नेहमी वापरतो. हे परीक्षण त्या वापरातून झालेल्या मतांचे आहे. अ‍ॅपचे गणित कुठेही चुकत नाही, पण दिलेला आकडा कशाचा आहे हे ते कधीच विचारत नाही, आणि या कामात चूक बहुधा तिथेच होते.

सुरुवात चांगल्या बाजूने करतो. 12 व्होल्ट आणि 2 अँपिअर भरले की 6 ओहम आणि 24 वॉट ही उत्तरे क्षणात येतात. अशा सोप्या आकड्यांसाठी अ‍ॅपची गरज नसते. त्याचा खरा उपयोग मिलि, किलो आणि मेगा यांची सरमिसळ होते तेव्हा जाणवतो. 5 व्होल्ट आणि 20 मिलिअँपिअर दिल्यावर उत्तर 250 ओहम आणि 100 मिलिवॉट येते. कागदावर हाच हिशेब करताना मिलिअँपिअरचे अँपिअर करायचे राहून गेले, तर रोध 0.25 ओहम निघतो आणि शक्ती थेट 100 वॉट. हजारपटीची ही चूक अनुभवी माणसाच्या लगेच लक्षात येते, पण नवशिक्याच्या येतेच असे नाही. प्रत्येक रकान्यासमोर एककाची स्वतंत्र यादी ठेवून अ‍ॅपने ही चूक बऱ्याच अंशी थोपवली आहे.

बऱ्याच अंशी असे म्हणण्याला कारण आहे. मागच्या हिशेबात निवडलेले एकक अ‍ॅप पुढच्या हिशेबासाठी तसेच ठेवते. सकाळी मिलिअँपिअरमध्ये काम केले असेल आणि दुपारी मोटारीच्या दिव्याचा हिशेब करण्यासाठी 1.75 हा आकडा टाकला, तर तो 1.75 मिलिअँपिअर धरला जातो. एककाचे चिन्ह आकड्याच्या शेजारी बारीक आणि फिकट अक्षरात असल्याने नजर त्यावरून सरकून जाते. त्यातच मिलि आणि मेगा यांची चिन्हे एकाच अक्षराची, एक लहान आणि एक मोठे. इतक्या बारीक आकारात त्यांतला फरक चटकन कळत नाही. दोहोंमध्ये अब्जपटीचे अंतर आहे, हे लक्षात घेता चिन्हाऐवजी पूर्ण शब्द लिहायला हवा होता. जागाही पुरेशी आहे.

यापेक्षा गंभीर दोष उत्तर दाखवण्याच्या पद्धतीत आहे. अ‍ॅप प्रत्येक उत्तर दशांश चिन्हानंतर चार स्थळांपर्यंत दाखवते, मग आकडा मोठा असो की लहान. मोठ्या रोधाच्या बाबतीत यातून फक्त गैरसोय होते. 5 व्होल्ट आणि 2 मायक्रोअँपिअर दिले की 2.5 मेगाओहम असे सुटसुटीत उत्तर येण्याऐवजी 2500000.0000 ओहम असा लांबलचक आकडा येतो आणि शून्ये मोजत बसावे लागते. लहान रोधाच्या बाबतीत मात्र उत्तरच बिघडते. मोठे करंट मोजण्यासाठी शंट, म्हणजे अगदी कमी रोधाचा घटक, वापरतात. ज्या शंटवर 1000 अँपिअरला 60 मिलिव्होल्टची घट असते, तो घ्या. त्याचा रोध 0.00006 ओहम, म्हणजे 60 मायक्रोओहम आहे आणि पूर्ण करंटला त्यात 60 वॉट उष्णता निर्माण होते. अ‍ॅपमध्ये हे आकडे भरल्यावर शक्ती बरोबर 60 वॉट येते, पण रोधाच्या रकान्यात 0.0001 ओहम दिसते. हा आकडा कोणी वहीत उतरवून घेतला आणि पुढे 1000 अँपिअरसोबत परत अ‍ॅपमध्ये भरला, तर शक्ती 100 वॉट येईल. एकाच वस्तूबद्दल एकाच अ‍ॅपकडून दोन उत्तरे मिळतील आणि दोन्ही वेळा अ‍ॅपचा गुणाकार बरोबरच असेल. एकक मिलिओहम करून घेतले की अडचण दूर होते, पण ते आधी सुचायला हवे. दशांश स्थळांऐवजी सार्थ अंक (पहिल्या शून्येतर अंकापासूनचे अंक) मोजून उत्तर दाखवले असते, तर हा प्रश्न उद्भवलाच नसता.

चार दशांश स्थळांचा दुसरा परिणाम अधिक फसवा आहे. मल्टीमीटरवर 12.03 व्होल्ट आणि 1.97 अँपिअर दिसले. अ‍ॅप सांगते 6.1066 ओहम आणि 23.6991 वॉट. एवढ्या काटेकोर आकड्याकडे पाहून तो तितकाच खात्रीचा असेल असे कोणालाही वाटेल. समजा, त्या मीटरची अचूकता व्होल्टेजला अर्धा टक्का आणि करंटला दीड टक्का आहे. साध्या मीटरच्या बाबतीत हे आकडे अवास्तव नाहीत. भागाकार असो की गुणाकार, सर्वांत वाईट स्थितीत दोन्ही टक्केवाऱ्यांची बेरीज होते. म्हणजे रोधात आणि शक्तीत 2 टक्क्यांपर्यंत चूक असू शकते. खरा रोध 5.98 पासून 6.23 ओहमपर्यंत कुठेही असू शकतो. अशा वेळी 6.1 ओहम आणि 23.7 वॉट एवढेच लिहिणे योग्य ठरते आणि पुढचे अंक खोडून टाकायला हवेत. मीटरची अचूकता विचारणारा एक ऐच्छिक रकाना अ‍ॅपमध्ये असता तर ते खऱ्या अर्थाने मोजमापाचे साधन झाले असते.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. शक्ती तीन मार्गांनी काढता येते आणि कागदावर तिन्ही सारखे असले तरी चुकीच्या दृष्टीने ते सारखे नाहीत. व्होल्टेज आणि करंट दोन्ही मोजून गुणाकार केला तर वरच्या मीटरने 2 टक्क्यांची चूक संभवते. व्होल्टेज न मोजता करंटचा वर्ग गुणिले रोध हा मार्ग धरला आणि रोध म्हणून रेझिस्टरवर रंगपट्ट्यांनी दर्शवलेली, 5 टक्के सहिष्णुतेची (म्हणजे तेवढा कमीजास्तपणा गृहीत धरलेली) किंमत घेतली, तर करंटची चूक वर्गामुळे दुप्पट होऊन 3 टक्के होते, त्यात रोधाचे 5 टक्के मिळतात आणि बेरीज 8 टक्क्यांवर जाते. अ‍ॅपच्या पडद्यावर मात्र दोन्ही उत्तरे सारख्याच ठामपणे उभी असतात. म्हणून शक्ती हवी असेल तेव्हा व्होल्टेज आणि करंट हे दोन रकाने भरण्याची सवय लावून घ्यावी आणि छापील किमतीवर अवलंबून राहणे टाळावे.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. पहिल्या रकान्यावर नुसते ‘व्होल्टेज’ असे लिहिले आहे. कोणाचे व्होल्टेज? पुरवठ्याचे, की ज्या घटकाचा रोध काढायचा आहे त्याच्या दोन टोकांमधले? ओहमचा नियम (व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रोध) लागू करताना व्होल्टेज आणि करंट ही दोन्ही मापे एकाच घटकाची आणि एकाच वेळची असावी लागतात. हे वाक्य अ‍ॅपमध्ये कुठेही नाही, मदतीच्या पानावरही नाही.

एलईडीचे नेहमीचे उदाहरण घेऊ. पुरवठा 5 व्होल्टचा आहे, लाल एलईडीवर साधारण 2 व्होल्टची घट होते आणि 15 मिलिअँपिअर करंट हवा आहे. मालिकेत, म्हणजे करंटच्या त्याच वाटेत, जोडायचा रेझिस्टर किती ओहमचा असावा? पुरवठ्याचे 5 व्होल्ट रकान्यात टाकले तर अ‍ॅप 333.3333 ओहम सांगते. तो जोडला की एलईडी पेटते खरी, पण करंट जेमतेम 9 मिलिअँपिअर वाहतो आणि प्रकाश अपेक्षेपेक्षा मंद पडतो. कोणी एलईडीचे 2 व्होल्ट टाकले तर उत्तर 133.3333 ओहम येते, आणि तसा रेझिस्टर जोडल्यावर 15 च्या जागी 22.5 मिलिअँपिअर वाहतात. अशा छोट्या एलईडींची कमाल मर्यादा पुष्कळदा 20 मिलिअँपिअर असते. बरोबर आकडा आहे रेझिस्टरच्या वाट्याला येणाऱ्या 3 व्होल्टचा. तो टाकला की 200 ओहम आणि 45 मिलिवॉट मिळतात. तिन्ही वेळा अ‍ॅपने भागाकार अचूक केला. तीन उत्तरांपैकी उपयोगाचे कोणते, हे ठरवणारी वजाबाकी मात्र वापरणाऱ्याला अ‍ॅपच्या बाहेर करावी लागली.

सैल झालेल्या जोडणीचे उदाहरण याहून महत्त्वाचे आहे, कारण तिथे आगीचा धोका असतो. सॉकेटमधला एक स्क्रू सैल आहे, त्या सांध्याचा रोध 0.05 ओहम झाला आहे आणि त्यातून 10 अँपिअर जात आहेत. करंट आणि रोध भरल्यावर अ‍ॅप 0.5 व्होल्ट आणि 5 वॉट सांगते, आणि हे उत्तर अगदी बरोबर आहे. 5 वॉट हा आकडा किरकोळ वाटतो, पण ती सगळी उष्णता स्क्रूच्या टोकाएवढ्या जागेत तासन्‌तास निर्माण होत असेल तर प्लास्टिक काळे पडायला आणि पितळ रंग बदलायला ती पुरेशी आहे. उष्णतेने सांधा ऑक्सिडाइज होतो, रोध वाढतो आणि वाढलेल्या रोधामुळे उष्णता आणखी वाढते. त्याच रकान्यांत कोणी पुरवठ्याचे 230 व्होल्ट आणि 10 अँपिअर टाकले तर 23 ओहम आणि 2300 वॉट येतात. तो आकडा जोडलेल्या उपकरणाचा असतो, सांध्याचा त्यात मागमूसही नसतो. आकडा कोणत्या दोन बिंदूंमधला आहे हे विचारणारी एक ओळ रकान्याखाली असती तर हा गोंधळ होण्याचे कारण उरले नसते.

मदतीच्या पानावर ‘मीटरने व्होल्टेज आणि करंट मोजा’ एवढीच सूचना आहे. व्होल्टमीटर घटकाला समांतर, म्हणजे त्याच्या दोन टोकांना, आणि करंट मोजणारा अ‍ॅमीटर मालिकेत जोडायचा असतो, हे त्यात असायला हवे होते. मल्टीमीटरची पिन करंटच्या खाचेत राहिलेली असताना त्याच मीटरने व्होल्टेज मोजायला गेले तर सरळ शॉर्टसर्किट होते. फ्यूज उडाला तर नशीब, आणि काही स्वस्त मीटरमध्ये 10 अँपिअरच्या खाचेला फ्यूजच नसतो. मापे घ्या असे सांगणाऱ्या पानाने एवढी सावधगिरी सांगणे हे त्याचे कर्तव्यच आहे.

शिवाय दोन्ही मीटर एकाच वेळी जोडले की त्यांची जोडणी उत्तरात शिरते. समजा, 0.5 ओहमच्या घटकातून 2 अँपिअर जात आहेत आणि अ‍ॅमीटर व त्याच्या तारा मिळून 0.1 ओहम आहेत. व्होल्टमीटर पुरवठ्याच्या टोकांवर लावला तर तो 1.2 व्होल्ट दाखवेल आणि अ‍ॅप 0.6 ओहम व 2.4 वॉट सांगेल. प्रत्यक्षात घटकावर 1 व्होल्ट आहे आणि शक्ती 2 वॉट आहे. चूक 20 टक्क्यांची झाली. म्हणून लहान रोध मोजताना व्होल्टमीटरच्या पिना थेट घटकाच्या पायांवर टेकवाव्यात. मोठ्या रोधाला हा नियम उलटा होतो. 1 मेगाओहमच्या रेझिस्टरवर 10 मेगाओहम अंतर्गत रोधाचा मल्टीमीटर थेट टेकवला, तर अ‍ॅमीटरमधून रेझिस्टरबरोबर व्होल्टमीटरचाही करंट जातो. 10 व्होल्टला 10 ऐवजी 11 मायक्रोअँपिअर दिसतात आणि उत्तर सुमारे 909 किलोओहम येते. अशा वेळी व्होल्टमीटर अ‍ॅमीटरच्या अलीकडे लावावा, कारण अ‍ॅमीटरचा स्वतःचा रोध मेगाओहमच्या मानाने नगण्य असतो. अ‍ॅपला यातले काही कळण्याचा मार्ग नाही, हे मान्य आहे. पण एका छोट्या आकृतीने ते समजावून देता आले असते.

रोध हा घटकाचा कायमचा गुण आहे असा ग्रह हे अ‍ॅप नकळत करून देते. मोटारीचा 12 व्होल्ट, 21 वॉटचा दिवा घ्या. अ‍ॅपमध्ये हे दोन आकडे भरले की 1.75 अँपिअर आणि 6.8571 ओहम येतात. तोच दिवा काढून, थंड असताना, मल्टीमीटरच्या ओहमच्या खुणेवर मोजला तर रोध एक ओहमच्याही खाली, अर्ध्या ओहमच्या आसपास भरतो, आणि त्यातही मीटरच्या तारांचे दशांश ओहम मिसळलेले असतात. नवशिक्याला वाटते की मीटर बिघडला किंवा अ‍ॅप चुकले. दोन्ही बरोबर आहेत. टंगस्टनची तार पांढरीशुभ्र तापली की तिचा रोध थंड असतानाच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त होतो. थंड रोध 0.6 ओहम धरून 12 व्होल्टचा हिशेब केला तर अ‍ॅप 20 अँपिअर आणि 240 वॉट दाखवते. हा आकडाही निरर्थक नाही. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी करंटची जी उसळी येते तिचा तो अंदाज आहे, आणि फिलामेंटचे दिवे चालू करतानाच का जळतात याचे एक मोठे कारण त्यात आहे. तांब्यातही हा परिणाम असतो, पण सौम्य. तापमान एका अंश सेल्सिअसने वाढले की रोध सुमारे 0.39 टक्क्याने वाढतो. विजेच्या मोटरचे वाइंडिंग (आतल्या तारेचे वेटोळे) 60 अंशांनी तापले तर त्याचा रोध जवळपास पावपट वाढलेला असतो.

ज्या कामात रोध फारसा बदलत नाही, तिथे हे अ‍ॅप उत्तम शिकवते. हीटरची तार निक्रोम या मिश्रधातूची असते आणि तिचा रोध तापल्यावरही थोडाच बदलतो. 230 व्होल्टला 1000 वॉटचा हीटर म्हणजे 52.9 ओहम. आता रोध तोच ठेवून व्होल्टेज 200 केले की शक्ती 756 वॉटवर येते. व्होल्टेज 13 टक्के उतरले आणि उष्णता 24 टक्के. शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते हे सूत्रात वाचणे वेगळे आणि आकडा बदलताच शेजारचा रकाना धाडकन खाली येताना पाहणे वेगळे. वर्गात मी हा प्रयोग हमखास करून घेतो. मात्र लगेच हेही सांगावे लागते की मोबाइलचा चार्जर किंवा संगणकाचा पॉवर सप्लाय असा वागत नाही. तो व्होल्टेज उतरले की जास्त करंट ओढतो आणि आपली शक्ती जवळपास तेवढीच ठेवतो. त्याला 52.9 ओहमसारखा एक आकडा चिकटवून पुढचे भाकीत करता येत नाही.

अ‍ॅपमधली एक सोय मला साफ नापसंत आहे. दोन रकाने भरलेले असताना तिसरा भरला, तर सर्वांत आधी भरलेला आकडा अ‍ॅप काही न सांगता पुसते आणि नव्याने मोजते. समजा, मी एका घटकाचे व्होल्टेज 12, करंट 2 अँपिअर आणि सर्किट बंद करून मोजलेला रोध 5 ओहम अशी तीन मापे घेतली आहेत. ही तीन मापे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि न जुळणे हीच इथली सगळ्यात मोलाची माहिती आहे. घटक तापल्यावर रोध वाढला असेल, मध्ये कुठे सांधा सैल असेल किंवा एक माप चुकले असेल. अ‍ॅपने खरे तर थांबून ‘12 व्होल्ट आणि 2 अँपिअरवरून 6 ओहम येतात, तुम्ही 5 लिहिले आहेत’ असे म्हणायला हवे. त्याऐवजी ते 12 पुसून 10 लिहिते आणि शक्ती 20 वॉट दाखवते. मी मोजलेले व्होल्टेज पडद्यावरून नाहीसे झालेले असते आणि जागी आलेला आकडा मोजलेला आहे की हिशेबाने काढलेला, याची खूणही नसते. निदान मोजलेले आणि काढलेले आकडे दोन रंगांत दाखवायला हवेत.

मापांच्या बाबतीत ओहमचा नियम मांडणारे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गेओर्ग ओहम किती सावध होते, हे इथे आठवते. त्यांचा नियम 1827 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्याआधीच्या प्रयोगांत त्या काळच्या बॅटऱ्यांचे व्होल्टेज प्रयोग चालू असतानाच घसरत असे, म्हणून भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी बॅटरी बाजूला ठेवून तांबे आणि बिस्मथ यांच्या जोडाचा तापविद्युत (तापमानातील फरकावर वीज देणारा) स्रोत वापरला. तो स्रोत स्थिर राहिला, म्हणून मापे जुळली. आजही बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटचे व्होल्टेज सकाळी आणि करंट संध्याकाळी मोजून दोन्ही आकडे एका हिशेबात घातले, तर येणारा रोध कोणत्याच वेळचा नसतो. करंटमुळे तारेत निर्माण होणाऱ्या उष्णतेचा, म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध हा, नियम इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ जूल यांनी 1841 साली मांडला. हे दोन नियम शेजारीशेजारी ठेवून पाहायला मिळतात ही अ‍ॅपच्या पडद्याची जमेची बाजू आहे.

करंट शून्य टाकला तर अ‍ॅप रकाना लाल करते आणि काहीच सांगत नाही. शून्याने भाग जात नाही हे खरे, पण 10 अँपिअरच्या खुणेवर मीटर 0.00 दाखवतो तेव्हा करंट 10 मिलिअँपिअरपेक्षा कमी आहे एवढाच त्याचा अर्थ असतो. 12 व्होल्टला त्यावरून रोध 1.2 किलोओहमपेक्षा जास्त आणि शक्ती 0.12 वॉटपेक्षा कमी, एवढे ठामपणे म्हणता येते. मीटर खालच्या खुणेवर न्या, अशी सूचना तरी यायला हवी होती.

शक्तीच्या रकान्याखाली घटकाच्या क्षमतेबद्दलही शब्द नाही. 100 ओहमच्या रेझिस्टरवर 5 व्होल्ट म्हणजे 50 मिलिअँपिअर आणि 0.25 वॉट. पाव वॉटचा रेझिस्टर तिथे नेमका आपल्या मर्यादेवर काम करतो आणि हात लावता येणार नाही इतका तापतो. सर्किट बनवणारे अशा जागी अर्धा वॉट किंवा त्याहून मोठा रेझिस्टर घालतात. उत्तराशेजारी ‘निदान दुप्पट क्षमता निवडा’ एवढे लिहिणे अवघड नव्हते.

एसीचा टॅब मी वापरत नाही, आणि इतरांनाही तो जपून वापरण्याचा सल्ला देईन. मोटरवर चालणाऱ्या पंख्यासारख्या उपकरणाला 230 व्होल्ट आणि 0.5 अँपिअर मोजले तर गुणाकार 115 येतो. तो व्होल्ट-अँपिअरचा आकडा आहे, वॉटचा नाही. वॉट काढण्यासाठी त्याला पॉवर फॅक्टरने (त्या गुणाकारातला प्रत्यक्ष शक्तीचा वाटा) गुणावे लागते. तो 0.6 असेल तर शक्ती 69 वॉट होते. भागाकाराने येणारे 460 ओहम हाही रोध नसून इम्पीडन्स (एसी करंटला होणारा एकूण अडथळा) असतो आणि वाइंडिंगचा मल्टीमीटरने मोजलेला रोध त्याहून बराच कमी भरतो. टॅबमध्ये पॉवर फॅक्टरचा रकाना आहे, पण त्यात आधीच 1 भरून ठेवला आहे. ज्याला हा विषय ठाऊक नाही तो त्याला हात लावणार नाही आणि 115 वॉट हेच उत्तर घेऊन निघून जाईल. रकाना रिकामा ठेवला असता तर निदान प्रश्न तरी पडला असता. इलेक्ट्रॉनिक चार्जर आणि एलईडी दिव्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. त्यांचा करंट सुबक लाटेसारखा नसतो, आणि ट्रू आरएमएस (कोणत्याही आकाराच्या लाटेचे खरे परिणामी मूल्य मोजणारा) नसलेला मीटर त्याचे मूळ मापच चुकीचे देतो. अशा उपकरणांची शक्ती दोन आकड्यांच्या गुणाकाराने न काढता वॉटमीटरने मोजावी.

वायरच्या टॅबचे मात्र मी मनापासून कौतुक करतो. 1.5 चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रोध 20 अंश सेल्सिअसला किलोमीटरमागे सुमारे 12.1 ओहम असतो आणि अ‍ॅप तोच आकडा धरते. 10 मीटर लांब एक्स्टेन्शन म्हणजे जाणारी आणि येणारी मिळून 20 मीटर वायर, रोध 0.242 ओहम. 10 अँपिअरला 2.42 व्होल्ट वाटेत खर्ची पडतात आणि 24.2 वॉट वायर तापवण्यात जातात. करंट निम्मा केला की घट निम्मी, 1.21 व्होल्ट होते, पण उष्णता चतुर्थांश, 6.05 वॉट होते. हे लक्षात आल्यावर हीटर लावलेले एक्स्टेन्शन गुंडाळलेल्या अवस्थेत वापरू नये हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. या टॅबमध्ये ‘लांबी’ म्हणजे एकेरी की दुहेरी, हे मात्र लिहिलेले नाही. 10 मीटर आणि 10 अँपिअर भरल्यावर उत्तर 1.21 व्होल्ट येते, त्यावरून ते एकाच तारेचा हिशेब करते असे कळते. तेव्हा इथे नेहमी दुप्पट लांबी भरावी.

ज्याला सर्किटची आकृती काढता येते आणि आकडा कोणत्या दोन बिंदूंमधला आहे हे ठाऊक असते, त्याने हे अ‍ॅप निःशंकपणे फोनमध्ये ठेवावे. एककांची धावपळ वाचते, ‘असे केले तर काय होईल’ हा प्रश्न विचारून पाहणे सोपे होते आणि वायरचा टॅब प्रत्यक्ष कामात उपयोगी पडतो. विद्यार्थ्यांनी मात्र निदान पहिल्या सत्रात हिशेब हाताने करावेत आणि अ‍ॅप पडताळ्यासाठी ठेवावे, आणि आकडा भरण्यापूर्वी वहीत घटक काढून त्याच्या दोन टोकांशी व्होल्टेज लिहावे. घरातल्या एसी उपकरणाचा वीजवापर काढण्यापुरतेच ज्याला काम आहे, त्याने या अ‍ॅपच्या वाटेला न जाता प्लगमध्ये बसणारा, वॉट आणि पॉवर फॅक्टर दोन्ही दाखवणारा मीटर वापरावा.